रविवारचा हात

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

डच भाषेत लहान मुलांच्या एका दुखण्याला 'रविवारचा हात' म्हणतात. कुणी 'रविवार दुपारचा हात' असंही म्हणतात. आठवडाभर कामात असलेले आईवडील रविवारी दुपारी मुलाला घेऊन फिरायला निघतात. मूल मधे, एक हात आईच्या हातात, एक वडिलांच्या. मग 'एक, दोन, तीन' म्हणत दोघं त्याला उचलून झोका देतात. मूल खिदळतं, 'अजून, अजून' म्हणतं. पाचव्या-सहाव्या झोक्याला ते एकदम किंचाळतं. त्यानंतर ते एक हात अंगाशी धरून बसतं, कोपर थोडं वाकलेलं, तळवा पोटाकडे किंवा खाली. त्या हाताला कुणाला हातच लावू देत नाही. आई बाही वर करून बघते तर सूज नाही, ओरखडा नाही, काही नाही.

आपल्याकडे यासाठी रविवारच लागतो असं नाही. एस.टी.च्या उंच पायरीवर चढवताना एका हाताने वर ओढणं, रस्ता ओलांडताना मधेच बसकण मारलेल्या पोराला हिसका देऊन उठवणं, अंगातला घट्ट स्वेटर काढताना बाहीतून हात खेचणं, एवढं पुरतं. मराठीत आपण 'हात निखळला', 'हात लचकला' म्हणतो, आमच्या मोहल्ल्यात 'हात उतर गया' म्हणतात. शब्द सगळे मोघम. खांदा निखळला तरी तेच, बोट मुरगळलं तरी जवळपास तेच. ज्या दुखण्याला युरोपातल्या कितीतरी भाषांनी स्वतंत्र नाव दिलं, त्याला आपण नाव दिलं नाही. मी शब्दांच्या धंद्यातला माणूस. डॉक्टर नाही. त्यामुळे मला या दुखण्यात रस वाटला तो आधी त्याच्या नावांमुळे, आणि नावं शोधता शोधता इतिहास हाती लागला.

आधी ते दुखणं म्हणजे नेमकं काय ते सांगतो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं ते रेडिअस. त्याचं वरचं टोक चकतीसारखं गोल असतं, त्याला रेडिअसचं डोकं म्हणतात. या डोक्याभोवती एक चिवट पट्टी बांगडीसारखी बसवलेली असते. हाड त्या बांगडीत गरगर फिरतं, म्हणून तर आपण दुआ मागताना तळवा वर करू शकतो आणि पाटीवर लिहिताना खाली. मोठ्या माणसात या बांगडीची खालची कड हाडाच्या मानेला घट्ट धरून असते. वर्ष-दोन वर्षांच्या मुलात ती कड पातळ असते, पकड सैल असते. अशा वेळी तळवा खाली असताना हात सरळ रेषेत ओढला गेला, की बांगडी डोक्यावरून सरकते आणि दंडाचं हाड व रेडिअस यांच्या सांध्यात चिमटते. दुखतं ते त्यामुळे. हाड आपल्या जागेवरून म्हणावं तसं हललेलं नसतंच, म्हणजे 'निखळला' हा आपला शब्दही पुरता खरा नाही. साधारण एक ते चार वर्षं हे त्याचं वय. पाचव्या वर्षानंतर ती कड जाड आणि मजबूत होते, आणि मग कितीही ओढलं तरी सहसा असं होत नाही.

आता इतिहास. सांधा बसवण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा एक अध्याय आहे. मोडलेली हाडं आणि सुटलेले सांधे कसे बसवायचे ते त्यात एकेका अवयवागणिक सांगितलं आहे. कोपराचा सांधा सुटला असेल तर काय करायचं? आधी अंगठ्याने सांध्यावर चोळायचं, मग तिथे दाब द्यायचा, मग हात पसरून आकुंचित करायचा, आणि वर तेलाचा शेक. हे कलम लहान मुलांच्या या विशिष्ट दुखण्यासाठी लिहिलंय असं म्हणणं चुकीचं ठरेल. सुश्रुत कोपराच्या सांध्याबद्दल एकूण बोलतो आहे. पण आजचा डॉक्टर मुलाचं कोपर हातात घेतो तेव्हा त्याचा अंगठा नेमका रेडिअसच्या डोक्यावर असतो, आणि दुसऱ्या हाताने तो कोपर दुमडतो. दोन हातांची ती ठेवण वाचताना डोळ्यांपुढे येते, एवढंच म्हणतो. 'आमच्याकडे सगळं होतं' म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

अरबी वैद्यकात या विद्येला नाव होतं जब्र. मोडलेलं जोडणं, ढळलेलं पूर्ववत करणं. कॉर्डोबाजवळचा अल-जहरावी, जो इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुरुवातीला वारला, त्याने तीस भागांचा 'अत-तसरीफ' हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आणि त्यातलं तिसरं प्रकरण सगळं या जब्रचं. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचं लॅटिन केलं आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपातले शल्यवैद्य ते वाचून शिकले. त्याच्याआधी, नवव्या शतकात, बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने गणिताच्या पुस्तकाच्या नावात हाच शब्द घातला होता, कारण समीकरणातली वजा रक्कम दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढणं हीसुद्धा एक प्रकारची जोडणीच. त्यातून युरोपला 'अल्जिब्रा' मिळालं. स्पॅनिश भाषेत मात्र 'अल्हेब्रिस्ता' म्हणजे हाडवैद्य. सर्वांतेसच्या 'डॉन किहोते'च्या १६१५ सालच्या दुसऱ्या भागात मार खाऊन पडलेल्या एका पात्रावर उपचार करायला असा अल्हेब्रिस्ता सापडतो. शाळेत ज्यांनी बीजगणितात मार खाल्ला त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

पण उर्दूत जब्र म्हणजे सक्ती, बळजोरी. एकाच धातूचे हे दोन अर्थ. अब्दुल जब्बार हे नाव आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतं. त्यातला जब्बार हे अल्लाहचं एक नाव. सर्वसाधारणपणे त्याचा अर्थ 'ज्याच्यापुढे कुणाचं चालत नाही' असा लावतात, तर काही भाष्यकार 'मोडलेलं सांधणारा' असाही लावतात. मुलाचा हात बसवताना कुणी पाहिला असेल त्याला हे दोन अर्थ एकत्र का नांदतात ते वेगळं सांगायला नको. मूल किंचाळत असतं आणि त्याच्या भल्यासाठी त्याच्या मर्जीविरुद्ध कुणीतरी तो हात फिरवत असतं.

युरोपात या दुखण्याचं पहिलं वर्णन फूर्निए नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याच्या नावावर आहे, १६७१ सालचं. त्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षं पुस्तकांतून फारशी हालचाल नाही. १८३७ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावच्या गुआराँने त्यावर सविस्तर लिहिलं आणि मग फ्रेंच डॉक्टरांत वादाला तोंड फुटलं. रेडिअसचं डोकं सरकतं असं कुणी म्हणे. कुणी म्हणे दोष मनगटात आहे. एदुआर शासेन्याक तर म्हणाला की सांध्याचा संबंधच नाही, ओढल्यामुळे मज्जातंतूला इजा होते, त्याचा हा परिणाम. १८५६ साली त्याने याला 'लहान मुलांचा वेदनामय लकवा' म्हटलं. हा शासेन्याक लहान माणूस नव्हे. जखमेतला पू वाहून जावा म्हणून रबरी नळी घालण्याची पद्धत त्याने रूढ केली, ती आजही जगभर चालते. पण इथे त्याचा अंदाज हुकला. गंमत अशी की जर्मन भाषेत हे दुखणं आजही 'शासेन्याकचा लकवा' म्हणूनच ओळखलं जातं. फ्रेंचांनी शेवटी 'वेदनामय प्रोनेशन' हे नाव पक्कं केलं. प्रोनेशन म्हणजे तळवा खाली वळणं. कुणाला दोष न देणारं, फक्त दिसतं ते सांगणारं नाव.

इंग्रजीत मात्र त्याला म्हणतात 'नर्समेड्स एल्बो'. मूल सांभाळणाऱ्या बाईचं कोपर. स्पॅनिशमध्येही तसंच, सांभाळणारीचं कोपर. म्हणजे कोपर मुलाचं आणि नाव मोलकरणीचं. एकोणिसाव्या शतकातल्या खात्यापित्या इंग्रज घरात मुलं आईपेक्षा या बायकांच्या हाताला धरून जास्त चालत. बागेत न्यायचं, रस्ता ओलांडायचा, वेळेत परत आणायचं, सगळं तिच्याकडे. हात ओढला जाण्याचे प्रसंगही तिच्याच वाट्याला जास्त यायचे. तेवढंच या नावात असतं तर तक्रार नव्हती. पण दुखण्याला माणसाचं नाव द्यायचं म्हणजे प्रत्येक वेळी आरोपपत्र दाखल करायचं. हात ओढणारं माणूस बाप असू शकतो, आजोबा असू शकतो, खेळता खेळता गोल गोल फिरवणारा मामा असू शकतो. 'बापाचं कोपर' असं नाव कुठल्या भाषेत पडल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरात दोन वर्षांची मुलगी सांभाळायला एक बाई होत्या. संध्याकाळी मुलीने हात उचलायचं बंद केलं. बाई सांगत होत्या की ती रस्त्यात पळत सुटली, मागून रिक्षा आली, म्हणून मी मनगटाला धरून ओढली. कुणी ऐकून घेतलं नाही. 'मारलं असेल' असं एक जण म्हणालं आणि मग सगळेच म्हणाले. डॉक्टरांनी बोलता बोलता तो हात बसवला, मुलगी तिथेच त्यांचा स्टेथास्कोप ओढायला लागली. डॉक्टरांनी समजावूनही सांगितलं की हे असं होतं, यात कुणाचा गुन्हा नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या बाई कामावर नव्हत्या. मुलगी रिक्षाखाली आली नाही, हे त्या घरात कुणी मोजलं नाही.

डॉक्टर वाद घालत होते त्या काळात मुलांचे हात बसवत कोण होतं? इंग्लंडमध्ये हाडवैद्य बसवत होते. त्यांतली सर्वांत गाजलेली एक बाई होती, सॅली मॅप. १७३६ मध्ये तिची एवढी ख्याती झाली की तिने गावातच राहावं म्हणून एप्समच्या लोकांनी तिला वर्षाला शंभर गिनी देऊ केल्या. चार घोड्यांच्या गाडीतून ती लंडनला जायची आणि कॉफीगृहात बसून रोगी तपासायची. त्याच वर्षी हॉगार्थने डॉक्टरांची टर उडवणारं एक चित्र कोरलं, त्यात सगळ्यांच्या वर मधोमध ही बाई बसवली आहे. पर्सिव्हल पॉटसारख्या मोठ्या शल्यवैद्याने तिच्यावर तुच्छतेने लिहिलं. दुसऱ्याच वर्षी ती गरिबीत वारली.

सव्वाशे वर्षांनी सूर बदलला. १८६७ मध्ये जेम्स पॅजेट यांनी 'हाडवैद्य बरे करतात ते रोगी' या विषयावर व्याख्यान दिलं आणि आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं की तुमच्यापैकी बहुतेकांना हाडवैद्याशी स्पर्धा करावी लागणार आहे. तेव्हा त्यांच्यात चांगलं काय ते शिका आणि वाईट काय ते टाळा. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या अशाच एका पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यात ह्यू ओवेन थॉमस जन्मला. तो रीतसर डॉक्टर झाला. पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण ज्या फळीने वाचवले ती 'थॉमस स्प्लिंट' त्याची.

आपल्याकडे हे काम हाडवैद्यांबरोबर तालमीतले वस्ताद करत. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या तालमीच्या ओट्यावर सकाळी एखादी तरी आई रडतं पोर घेऊन उभी असायची. वस्ताद आधी पोराकडे बघायचे नाहीत, आईला एकच विचारायचे, "पडलंय का वडलंय?" म्हणजे मूल पडलं आहे की हात ओढला गेला आहे. ओढलं असेल तर पोराला मांडीवर घ्यायचे, त्याच्याशी म्हशीबद्दल बोलायचे आणि बोलता बोलता हात फिरवायचे. पडलं असेल तर हात लावायचे नाहीत, "दवाखान्यात ने" म्हणायचे. त्या वेळी वस्ताद टाळतायत असं लोकांना वाटायचं. पुढे डॉक्टर मित्रांकडून कळलं की त्यांचाही पहिला प्रश्न हाच असतो.

आणि या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे. झाडावरून, पलंगावरून, घसरगुंडीवरून मूल हात टेकून पडतं तेव्हा कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडू शकतं. तिथून हाताकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू अगदी लागून गेलेले असतात. असा हात फिरवला, चोळला किंवा बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधला तर आत सूज वाढते, रक्त पोचत नाही, स्नायू मरतात आणि बोटं कायमची आत वळतात, पंजासारखी. आपल्याकडे अशा हातांची माणसं खेड्यापाड्यांतून दिसतात. लहानपणी घट्ट बांधलेल्या एका पट्टीची ती किंमत असते. हाडवैद्यांबद्दल मला आदर आहे, पण हे हात पाहिल्यावर त्या आदराला मर्यादा पडते. या विकृतीचं कारण १८८१ मध्ये जर्मन शल्यवैद्य रिचर्ड फोन फोल्कमान यांनी मांडलं: घट्ट बांधल्यामुळे रक्तपुरवठा तुटणं. तिला आजही त्यांचंच नाव आहे. हे फोल्कमान टोपणनावाने मुलांसाठी परीकथा लिहायचे. १८७०-७१ च्या युद्धात सैन्याबरोबर फ्रान्समध्ये असताना लिहिलेलं त्यांचं कथांचं पुस्तक जर्मन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. कवी म्हणून मला या माणसाचा हेवा वाटतो.

विसाव्या शतकात बांगडीचं कोडं सुटलं. जुन्या पुस्तकांतून सरसकट असं लिहिलेलं असायचं की लहान मुलात रेडिअसचं डोकं त्याच्या मानेपेक्षा मोठं झालेलं नसतं, म्हणून ते सटकतं. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर हे खोटं निघालं. १९७१ मध्ये टोरोंटोचे रॉबर्ट सॉल्टर आणि त्यांचे सहकारी झाल्ट्झ यांनी मृत मुलांच्या कोपरांचं विच्छेदन करून बांगडीची खालची कड कशी सुटते, कशी मधे चिमटते आणि कुठल्या वयानंतर ती सुटेनाशी होते ते दाखवलं. त्यासाठी कुणा आईबापांनी आपली गेलेली मुलं त्यांच्या हवाली केली असतील, हे ती माहिती वाचताना मनातून जात नाही.

उपचाराची जुनी रीत अशी: एका हाताने कोपर धरायचं, दुसऱ्याने तळवा आकाशाकडे वळवायचा आणि कोपर पूर्ण दुमडायचं. अंगठ्याखाली बारीकसा 'टक्' जाणवतो. क्ष-किरण काढण्याची या दुखण्यात सहसा गरज नसते. पण काढायला नेलंच, तर फिल्म नीट यावी म्हणून तंत्रज्ञ मुलाचा हात वळवून तळवा वर करतो आणि हात तिथेच बसतो. रडत आत गेलेलं मूल हसत बाहेर येतं आणि फिल्मवर काहीच दिसत नाही.

शतकभर ही एकच रीत शिकवली गेली. मग १९९८ मध्ये अमेरिकेत मॅसिआस आणि सहकाऱ्यांनी उलट करून पाहिलं, तळवा वर नव्हे तर आणखी खाली वळवला. ज्या दिशेने इजा झाली त्याच दिशेने पुढे! आणि पहिल्याच प्रयत्नात हात बसण्याचं प्रमाण यात जास्त निघालं. २०१७ पर्यंत झालेल्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावरही तेच दिसलं: जुन्या रीतीत साधारण चारातल्या एका मुलाचा हात पहिल्या खेपेला बसत नाही, नव्या रीतीत साधारण दहातल्या एकाचा. मुलाला त्रासही बहुधा कमीच होतो. सुश्रुतापासून चालत आलेल्या विद्येत एकविसाव्या शतकाच्या तोंडावर एवढी साधी दुरुस्ती व्हायची राहिली होती, याचं मला नवल वाटतं.

काही मुलांचा हात पुन्हापुन्हा असा उतरतो. दर वेळी दवाखान्यात धावणं आलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी लिहिलं आहे की आधी असं होऊन गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी फोनवरून सूचना दिल्या, तळवा असा वळवा, कोपर असं धरा, आणि हात घरीच बसले. पलीकडे डॉक्टर कानाला फोन लावून रडणं थांबण्याची वाट बघत असणार. ते मुलांना ओळखत होते, आधी काय झालं ते त्यांना माहीत होतं. माझाही आवाज आज तुमच्या घरात येतो आहे, पण मी कवी आहे, तेव्हा तो ऐकून कुणी मुलाचा हात फिरवायला घेऊ नका. डॉक्टर हात बसवतात आणि मग काय करतात तेवढं बघा. ते मुलाला आईकडे देतात, आपण बाजूला होतात आणि समोर, जरा उंचावर, एखादी किल्ल्यांची जुडी धरतात. पाच मिनिटं जातात, दहा जातात. मूल आधी चांगला हात पुढे करतं. डॉक्टर जुडी दुसऱ्या बाजूला नेतात.